वायर म्हणजे वायरच ना?

"अरे, वायर म्हणजे वायरच ना! जोडली की झालं."

हे वाक्य जगात ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला मला एकदा भेटायचंय. मारायला नाही. नुसतं विचारायला, की बाबा रे, तुझ्या घरचा गीझर, टीव्हीची केबल आणि दाराची बेल तू एकाच वायरने जोडली आहेस का? आणि जोडली असशील तर तुझा पत्ता दे, म्हणजे त्या गल्लीतून जाणार नाही.

आजचा वीकांताचा विषय वरवर बघता अगदीच चिल्लर आहे. गाडीला बाहेरून आणलेले एक्झॉस्ट हेडर्स बसवले की ऑक्सिजन सेन्सरची वायर एक-दोन फूट कमी पडते. ती कशी वाढवायची? बस, एवढंच. पण या दोन फुटांवरून मी गेल्या वर्षभरात इतक्या लोकांशी हुज्जत घातली आहे की आता एकदाच सगळं लिहून टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी घसा कोरडा करावा लागणार नाही. ज्यांना गाड्यांत काडीचाही रस नाही त्यांनीही वाचा. कारण विषय वायरचा असला तरी रोग आपल्याच धंद्यातला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी डेट्रॉइटच्या एका उपनगरात राहतो आणि पोटासाठी कोड लिहितो. या गावाला गाड्यांचं वेड आहे असं म्हणणं म्हणजे पंढरपूरला विठ्ठलाचं थोडंफार प्रेम आहे असं म्हणण्यासारखं आहे. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर 'ड्रीम क्रूझ' भरते (१९९५ पासून सुरू आहे), तेव्हा रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून लोक नुसते इंजिनांचे आवाज ऐकत बसतात. इथे राहून शनिवार-रविवार कुणाच्या ना कुणाच्या गाडीखाली न जाणं कठीण. आपली देशी मंडळीही यात मागे नाहीत. ग्रीन कार्डाची वाट बघता बघता बरेच जण एक जुनी व्ही-८ घेऊन बसतात.

आता व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडर, चार एका बाजूला, चार दुसऱ्या. दोन्ही बाजूंना कंपनीने एकेक मॅनिफोल्ड बसवलेला असतो: आखूड, आटोपशीर, कमी जागेत मावणारा. हौशी लोक तो काढून 'लाँग ट्यूब' हेडर्स टाकतात. त्यात प्रत्येक सिलिंडरला स्वतःची लांब नळी, आणि चार नळ्या खाली मागे जाऊन एका कलेक्टरमध्ये मिळतात. नळ्यांची लांबी नीट जमली असेल तर एका सिलिंडरमधून सुटलेल्या वायूचा झोत दुसऱ्याचा धूर ओढून घ्यायला मदत करतो. इंजिनाला श्वास सोडणं सोपं जातं, ताकद वाढते, आवाजही भारी येतो. याला माझा काहीच आक्षेप नाही. आवाज मलाही आवडतो.

भानगड पुढे आहे. पुढचा ऑक्सिजन सेन्सर आधी इंजिनाच्या अगदी जवळ होता. आता त्याचं भोक कलेक्टरवर, म्हणजे बरंच खाली आणि मागे. कंपनीने वायर दिलेली असते ती मूळ जागेच्या मापाची. गाडी लिफ्टवर, हेडर्स बसलेले, आणि हातात सेन्सरचा कनेक्टर, जो समोरच्या कनेक्टरपासून फूट-दीड फूट लांब लोंबकळतोय. इथे माणसाचा खरा स्वभाव कळतो.

हा सेन्सर करतो काय, ते बघू. आत झिर्कोनियाची टोपणासारखी एक छोटी वस्तू असते. तिच्या बाहेरच्या अंगाला इंजिनाचा धूर, आतल्या अंगाला आपली साधी हवा. तीनशे-साडेतीनशे अंश सेल्सियसच्या वर तापली की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकानुसार ती व्होल्टेज तयार करते. धुरात ऑक्सिजन जास्त उरला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तर साधारण ०.१ व्होल्ट. पेट्रोल जास्त झालं तर साधारण ०.९. मधे ०.४५ च्या आसपास हवा-पेट्रोलचं १४.७ ला १ हे योग्य प्रमाण. १९७६ साली बॉशचा हा सेन्सर व्हॉल्वोच्या गाडीत पहिल्यांदा आला, आणि आज त्याच्याशिवाय पेट्रोल गाडीची कल्पनाच करता येत नाही.

लक्षात घ्या, ईसीयूला डोळे नाहीत, नाक नाही. इंजिनात नेमकं काय जळलं हे त्याला सांगणारा हा एकच साक्षीदार. सेन्सर म्हणाला पेट्रोल कमी आहे, की ईसीयू मुकाट्याने पेट्रोल वाढवतो. जास्त आहे म्हणाला, की कमी करतो. सेकंदाला कित्येकदा. तो शंका घेत नाही, वाद घालत नाही. (असा टीम मेंबर कुणाला नको असेल!) आणि म्हणूनच या साक्षीदाराच्या वायरला हात लावताना जरा हात थरथरायला हवा.

पण थरथरत नाही. वायर वाढवणाऱ्यांचे तीन पंथ मी पाहिलेत.

पहिला पंथ: कापा, पिळा, सोल्डर मारा, काळी टेप गुंडाळा. हाच तो 'वायर म्हणजे वायरच' संप्रदाय. यांच्याशी बोलताना मी रंगांपासून सुरुवात करतो. बॉशच्या नेहमीच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या वायरी हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी सिग्नलच्या ग्राउंडची. डेन्सोच्या सेन्सरमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी ग्राउंडची. आता मागच्या गाडीत केलं म्हणून सवयीने काळीला काळी जोडणाऱ्या भल्या माणसाने काय केलं? एका व्होल्टपर्यंतची कुजबुज ऐकायला बसलेल्या ईसीयूच्या कानात बॅटरीचे १२ व्होल्ट ओतले. वायर वायरच होती की!

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊकच नसते, आणि मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे. सेन्सरच्या आतल्या अंगाला साधी हवा लागते असं वर म्हटलं. ती येते कुठून? सेन्सर पाण्या-चिखलात राहतो, त्यामुळे त्याला बाहेरून उघडं भोक ठेवणं अवघड. म्हणून अनेक सेन्सरांमध्ये ही हवा चक्क वायरमधून येते. तांब्याचे बारीक पदर आणि त्यावरचं आवरण यांच्यामधल्या फटीतून. म्हणजे ती वायर नुसती वीज नेत नाही, ती सेन्सरचं नाक आहे. आणि आपण काय करतो? त्या पदरांमध्ये वितळलेलं सोल्डर ओतून वर ग्रीस थापतो. आतली हवा जुनी झाली, तिथला ऑक्सिजन घटला, की फरक कमी होतो आणि व्होल्टेज पडतं. ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, तो अजून ओततो. सेन्सर बनवणारे सूचनापत्रात सोल्डर करू नका, क्रिम्प करा असं सांगतात ते काही त्यांचा सोल्डरशी वैयक्तिक वाद आहे म्हणून नव्हे.

यावर हुशार लोक म्हणतात, "मी सेन्सरच्या बाजूला कापलीच नाही, गाडीच्या बाजूला कापली. तिथे हवेचा काय संबंध?" मुद्दा चांगला आहे. हवेचा प्रश्न तिथे तितका तीव्र राहत नाही, हे मान्य. पण मग उष्णतेचं काय? आपण रेडिओसाठी वापरतो ते साधं कथिल-शिशाचं सोल्डर १८३ अंशाला वितळतं. काळी टेप त्याच्या कितीतरी आधी चिकट रस्सा होते. साधी पीव्हीसी वायर ८० ते १०५ अंशांपुरती असते. आणि जोरात चालवलेल्या गाडीच्या हेडरची नळी कित्येकशे अंशांवर असते. शिवाय सोल्डर वायरच्या आत जिथवर शोषलं जातं तिथवर ती काडीसारखी कडक होते, आणि त्या कडक-मऊ सीमेवर इंजिनाचं कंपन रोज थोडं थोडं वाकवत राहतं. टेबलावर ठेवलेल्या सर्किटमध्ये सोल्डर उत्तम. हलत्या, तापत्या गाडीखाली नीट केलेला क्रिम्प त्याहून बरा.

आणि वाइडबँड सेन्सर असेल तर बोलायलाच नको. बॉशच्या एलएसयू ४.२ किंवा ४.९ सारख्या सेन्सरांत प्रत्येक नगाचा कॅलिब्रेशनचा रेझिस्टर कनेक्टरच्या आतच बसवलेला असतो. "जुना कनेक्टर कापला आणि दुसरा लावला" म्हणजे त्या सेन्सरची जन्मपत्रिका कचऱ्यात टाकून दुसऱ्याची लावली.

दुसरा पंथ याच्या अगदी उलट टोकाचा. हे भित्रे. "वायर वाढवायचीच नाही! रेझिस्टन्स वाढतो, व्होल्टेज पडतं, सिग्नल बिघडतो!" अहो, ओहमचा नियम बारावीला शिकलोय आपण सगळे, जरा वापरू या की. १८ गेजच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरला साधारण ०.०२१ ओहम. दोन फूट वाढवली, जाऊन-येऊन धरा १.२ मीटर, म्हणजे ०.०२५ ओहम. हीटरने एक अँपियर ओढला तर पडलं किती? ०.०२५ व्होल्ट. दोन अँपियरला ०.०५. बारा व्होल्टात हे कुणाच्या खिजगणतीत नाही. आणि सिग्नलच्या वायरमधून तर करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे तिथला फरक मोजायलासुद्धा तुमचा मीटर पुरणार नाही.

म्हणजे लांबी हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे सांध्याचा. गंजलेला, अर्धवट दाबलेला, पाणी शिरलेला एक सांधा त्या दोन फुटांपेक्षा शेकडो पटींनी जास्त रेझिस्टन्स आणू शकतो, आणि तोही कधी आणेल, कधी नाही. भित्रा पंथ चुकीच्या गोष्टीला घाबरतो आणि निधडा पंथ योग्य गोष्टीला घाबरत नाही. दोघांनीही मोजून बघितलेलं नसतं. माझा राग त्याचाच आहे.

तिसरा पंथ मला सगळ्यात धोकादायक वाटतो. हे लोक वायर वाढवतच नाहीत. "ट्यूनमध्ये कोडच बंद करून टाकू." दिवा लागतो ना? दिवा लागणार नाही असं करू. मागच्या सेन्सरचं काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालतोय का हे बघणं, तर तो कॅटच काढून टाकायचा, आणि पी०४२० आणि पी०४३० हे कोड येऊ नयेत म्हणून एक 'सिम्युलेटर' लावायचा, जो ईसीयूला गोड गोड खोटी लाट पाठवत राहतो: सगळं छान आहे साहेब, कॅट मजेत आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा रिकामा कॅच ब्लॉक आहे. एक्सेप्शन येतंय? पकडा आणि गिळून टाका. लॉगसुद्धा करू नका. टेस्ट फेल होतेय? टेस्ट काढून टाका, बिल्ड हिरवं झालं की घरी जा. रात्री तीन वाजता ज्याचा फोन वाजतो तो मात्र दुसराच कुणीतरी असतो.

हे सगळं मी हवेत बोलत नाहीये. माझा एक नागपूरकर मित्र आहे. त्याने गेल्या वर्षी २००२ सालची जुनी कॅमेरो घेतली, ५.७ लिटरची एलएस१ वाली. इथल्याच एका गराजने त्याला लाँग ट्यूब हेडर्स बसवून दिले. दोन महिन्यांत चेक इंजिनचा दिवा कधी लागायचा, कधी जायचा. ॲव्हरेज घसरलं, गाडीमागे उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. गराजवाल्याने उपाय सांगितला: कोड बंद करून देतो, वर वेगळे पैसे. मित्राला तो पटला.

"अबे, कोड बंद केला तर काय फरक पडते? गाडी तं मस्त पळते ना!" असं तो मला म्हणाला.

"अरे, थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरतो का?" मी म्हटलं. "एक शनिवार दे मला. मग काय बंद करायचं ते कर."

गाडी वर घेतली. पुढच्या दोन्ही सेन्सरच्या वायरी कापून, सोल्डर मारून, टेप गुंडाळून वाढवलेल्या. ड्रायव्हरच्या बाजूची टेप वितळून हेडरच्या नळीवर काळा डाग झाला होता, आणि सिग्नलची वायर उघडी पडून नळीपासून बोटभर अंतरावर. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन माउंटवर जरा कलतं, तेवढ्यात ती वायर नळीला टेकायची. टेकली की सिग्नल शून्य. शून्य म्हणजे ईसीयूच्या मते पेट्रोल अजिबात पुरत नाहीये, की लागला ओतायला. स्कॅनरवर पी०१३१ साठवलेला होताच, शिवाय त्या बाजूचं फ्युएल ट्रिम वर चढून बसलेलं. प्लग काढले तर एका बाजूचे चार तपकिरी, दुसऱ्या बाजूचे चार काजळीने काळेकुट्ट. जास्तीचं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळत होतं, आणि त्या बाजूचा कॅट आतून वितळून खुळखुळत होता. नव्या कॅटचं बिल आलं तेव्हा "काय फरक पडते" हे वाक्य त्याने परत उच्चारलं नाही.

पैशांपेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीने धडकी भरली. मिशिगनमधल्या हिवाळ्यात लोक घराला चिकटलेल्या गराजमध्ये गाडी गरम करत ठेवतात. तोही ठेवायचा. (गराजचं दार उघडं असलं तरी हे करू नये.) पेट्रोल जास्त झालेलं इंजिन कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतं आणि त्याचं रूपांतर करायला कॅटही धड नाही. त्या वायूला वास नसतो. घरात त्याची बायको आणि दोन वर्षांची मुलगी. जो दिवा बंद करायला तो वर पैसे देणार होता, तो दिवाच या घरात खरं बोलत होता.

मग बरोबर पद्धत कोणती? ती इतकी सोपी आहे की लिहायलाही संकोच वाटतो. तुमच्या गाडीच्या मॉडेलची तयार एक्सटेन्शन हार्नेस मिळते: एका टोकाला नर, दुसऱ्या टोकाला मादी कनेक्टर, मधे वायर. काहीही कापायचं नाही. मूळ वायर शाबूत, उद्या गाडी पूर्ववत करायची तर पाच मिनिटांत होते. चारही सेन्सरचे मिळून शंभर-दीडशे डॉलर. जो माणूस हेडर्सवर हजार-दीड हजार घालतो त्याला इथे कंजुषी सुचते याचं मला खरंच नवल वाटतं.

तयार मिळत नसेल तर तोच कनेक्टर, त्याच्याच पिना आणि उष्णतेला टिकणारं टेफ्लॉनसारखं आवरण असलेली वायर आणून, योग्य क्रिम्पिंगच्या पकडीने स्वतः बनवा. प्रत्येक पिन इकडून तिकडे मल्टिमीटरने तपासा. रंगावर विश्वास नको, कनेक्टरमधल्या जागेवर ठेवा. कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा क्लीनर नको. वायर हेडर, स्टिअरिंगचा दांडा आणि प्लगच्या वायरींपासून लांबून न्या, काचतंतूचं आवरण घाला, आणि प्लास्टिकच्या टायऐवजी धातूची क्लिप वापरा. डाव्या-उजव्या बँकेची अदलाबदल झाली नाही ना ते बघा. झाली तर ईसीयू डावीकडची तक्रार ऐकून उजवीकडे औषध देत बसतो आणि एक बाजू पेट्रोलने बुडते, दुसरी सुकते. शेवटी कलेक्टरचा सांधा गळत नाही ना तपासा, कारण तिथून आत ओढली गेलेली हवाही सेन्सरला फसवते.

आणि एवढं करूनही एक गोष्ट उरते. सेन्सर लांब गेला म्हणजे धूर त्याच्यापर्यंत क्षणभर उशिरा आणि जरा थंड होऊन पोचतो. ही किंमत वायर कितीही चांगली असली तरी मोजावीच लागते. ट्यूनिंग करायचं ते याच्यासाठी: नव्या जागेचा हिशोब ईसीयूला नीट समजावून सांगायला. तोंड बंद करायला नव्हे. एकाच लॅपटॉपवर, एकाच सॉफ्टवेअरमध्ये ही दोन्ही कामं होतात, म्हणून लोकांना ती एकच वाटतात. ती एक नाहीत.

कुणी म्हणेल, मिशिगनमध्ये गाड्यांची धुराची चाचणीच होत नाही, मग कोण बघतंय? चाचणी नाही, खरं आहे. पण चाचणी नाही म्हणजे परवानगी आहे असं कुणी सांगितलं? प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा काढणं, निकामी करणं याला अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टमध्ये सगळीकडेच मनाई आहे. कॅलिफोर्नियात तर तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक नसलेला असा पार्ट रस्त्यावरच्या गाडीला चालत नाही.

आणि 'कोण बघतंय' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांना एक आठवण करून देतो. २०१५ साली फोक्सवॅगनचं प्रकरण उघडकीला आलं: चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागणारं सॉफ्टवेअर. २०१७ साली त्यातल्या एका इंजिनिअरला ४० महिन्यांची शिक्षा झाली. कुठे? आमच्या डेट्रॉइटच्याच फेडरल कोर्टात. तो कंपनीचा मालक नव्हता. आपल्यासारखाच नोकरदार इंजिनिअर होता. एका शनिवारी केलेली मित्राची गाडी आणि ते प्रकरण यांची तुलना होत नाही हे मलाही कळतं. पण सुरुवातीचं वाक्य दोन्हीकडे तेच असतं.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे वाचून "अमेरिकेतले चोचले" म्हणून सोडून देऊ नये. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ लागू आहे. तुमच्या कारमध्येच नव्हे, बुलेटमध्येही ऑक्सिजन सेन्सर आणि कॅट आहे. धडधड आवाजासाठी जो सायलेन्सर तुम्ही दुपारभरात बदलून घेता, त्याबरोबर मूळचा कॅट जातो, आणि सेन्सरला नव्या पाइपात भोक नसेल तर तो हवेत लटकवून ठेवणारे महाभागही आहेत. पोलीस अशा सायलेन्सरांवर रोड रोलर फिरवतात ते आवाजासाठी. धुराचा हिशोब सिग्नलला मागे उभा असलेला स्कूटरवाला आपल्या फुप्फुसांनी करतो.

असो. माझं म्हणणं हेडर्स बसवू नका असं नाही. वायर वाढवू नका असंही नाही. जरूर बसवा, जरूर वाढवा. ज्याने सेन्सर त्याच्या जागेवरून हलवला त्याच्यावर एक जबाबदारी आपोआप येते: नव्या जागीही त्याला खरं बोलता आलं पाहिजे. ते जमत नसेल, दीडशे डॉलर जड वाटत असतील, किंवा एक शनिवार गाडीखाली घालवायचा कंटाळा असेल, तर कंपनीचा मॅनिफोल्ड आहे तिथेच राहू द्या. त्याची वायर पुरते.